लता-रफी: अबोला सुटल्यानंतरचं युगुलगीत आणि पुढची गाणी

तबकडीवाला

नमस्कार मंडळी,

सध्या लतादीदी आणि रफीसाहेबांची युगुलगीतं सालवार लावून ऐकतोय. १९६३ पर्यंत वाट सरळ आहे. 'ताजमहाल'मधलं 'पाँव छू लेने दो', 'मेरे महबूब'मधलं 'याद में तेरी'... आणि मग एकदम शुकशुकाट. १९६४ ते ६६ या काळात रफीसाहेब आहेत, दीदी आहेत, दोघांची एकेकट्याची गाणी धो धो येतायत, पण एकत्र गाणं शोधावं लागतं. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रॉयल्टीवरून, म्हणजे तबकड्यांच्या विक्रीत गायकाला वाटा असावा की नाही यावरून, दोघांचं बिनसलं आणि दोघांनी एकमेकांबरोबर गाणं बंद केलं.

हा अबोला संपला १९६७ साली. समेट कुणी घडवला याचं श्रेय कुणी संगीतकार जयकिशनला देतं, कुणी नर्गिसला, कुणी संगीतकार बर्मनदांना. पण पुन्हा एकत्र उभे राहिले ते थेट रंगमंचावर, मुंबईत षण्मुखानंद सभागृहात, सचिनदेव बर्मन यांच्या गाण्यांच्या कार्यक्रमात. गाणं होतं 'ज्वेल थीफ'मधलं 'दिल पुकारे'. म्हणजे चारेक वर्षं ज्यांनी एकत्र गाणं टाळलं, त्यांनी हजारो लोकांसमोर एकमेकांना 'इतक्यात जाऊ नकोस' अशी आळवणी करणारं प्रेमगीत म्हटलं.

मला दोन गोष्टींवर तुमची मतं हवी आहेत. एक, अशा वेळी गळ्यातून जे उमटतं ते निव्वळ कसब असतं की मनातलंही काही त्यात उतरतं? आणि दुसरं, समेटानंतरचे लता-रफी आधीइतकेच जमले का? माझं मत स्पष्ट आहे: नंतरचे जास्त मुरलेले आहेत.

---

रेडिओवेडी

शंभर टक्के अनुमोदन. १९६८ च्या 'इज़्ज़त'मधलं 'ये दिल तुम बिन कहीं लगता नहीं' ऐका. दोघंही आवाज कुठेच चढवत नाहीत. प्रश्न विचारल्यासारखी ओळ येते आणि उत्तर येईपर्यंत आपण श्वास धरून बसतो.

---

विलेपारल्याचा_आजोबा

साफ असहमत! 'कुहू कुहू बोले कोयलिया' विसरलात? एकाच गाण्यात सोहनी, बहार, जौनपुरी, यमन असे चार राग, आणि दोघंही तानांमध्ये एकमेकांना तसूभर मागे पडू देत नाहीत. 'गूँज उठी शहनाई'मधलं 'जीवन में पिया तेरा साथ रहे', 'कोहिनूर'मधलं 'दो सितारों का ज़मीं पर', 'माया'मधलं 'तस्वीर तेरी दिल में'... ही सगळी अबोल्याच्या आधीची. नौशाद, वसंत देसाई, सलीलदा ऐन बहरात होते. नंतर चालीच बदलल्या, वाद्यवृंद फुगला. १९६७ नंतरची गाणी गोड आहेत, नाही कोण म्हणतो? पण शिखर आधीच गाठून झालं होतं.

---

काळी_पाच

मी पेटी वाजवतो, गेली बरीच वर्षं हौशी वाद्यवृंदांना साथ करतो. तबकडीवाला यांच्या पहिल्या प्रश्नाला वाजवणाऱ्याच्या बाजूने उत्तर देतो.

आधी हे लक्षात घ्या की त्या काळी अबोला धरून युगुलगीत करणं शक्यच नव्हतं. आज गायक सकाळी येऊन आपली बाजू गाऊन जातो, गायिका आठवड्याने येते, दोघांची गाठही पडत नाही आणि गाणं तयार होतं. तेव्हा सगळा वाद्यवृंद, गायक, गायिका एकाच वेळी स्टुडिओत. कुणाचा एक स्वर हलला की सगळ्यांचा रीटेक. दोघांना एकमेकांचा श्वास ऐकत उभं राहावं लागे. त्यामुळे दोघांचं पटेनासं झालं की युगुलगीतच थांबे, आणि त्यांचं ते थांबलं.

दुसरं म्हणजे पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर 'सा' धरायचा ते. पुरुषाचा गळा साधारण काळी एक-दोनला रमतो, बाईचा काळी चार-पाचला. युगुलगीतात 'सा' मात्र एकच. मग कुणीतरी आपलं घर सोडून यावं लागतं. दीदींच्या गाण्यात बहुतेक वेळा पट्टी त्यांना सोयीची असे आणि पुरुष गायकाला वर चढून गावं लागे. इथे भलेभले आवळून गातात. रफीसाहेब तिथेच मोकळे होत. 'दिल पुकारे'चा मुखडा बघा, त्यातला 'आ रे' कसा हाक मारल्यासारखा लांबवर जातो. तो तसा उघड्या गळ्याने लागला तरच पुढच्या 'आ रे'ला अर्थ आहे. दीदी तो उचलतात तेव्हा आवाजाची जात बदलते, पण उंची आणि वजन तेच राहतं. हाक आणि ओ.

स्टेजवर हे आणखी अवघड. १९६७ मध्ये गायकाला गाणं कानात ऐकवणारे मॉनिटर नव्हते. सभागृहातून आवाज उशिरा परत येतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शेजारी उभ्या माणसाचा खरा आवाज ऐकूनच लय धरायची. मनात अढी असेल तर ते जमत नाही, असं माझं वाजवतानाचं निरीक्षण आहे. अढी असलेले गायक दुसऱ्याची ओळ संपायच्या आत आपला श्वास घेऊन मोकळे होतात. ऐकत नाहीत, वाट बघतात.

---

रेडिओवेडी

काळी_पाच दादा, अप्रतिम प्रतिसाद. 'ऐकत नाहीत, वाट बघतात' हे आता प्रत्येक युगुलगीत ऐकताना डोक्यात येणार.

---

वकीलसाहेब_ठाणे

गाण्यातलं मला फार कळत नाही, पण ज्यावरून बिनसलं त्याकडे जरा वळू या. बऱ्याच ठिकाणी हा वाद 'दीदींचा हट्ट' म्हणून सांगितला जातो. मला ते अन्यायाचं वाटतं.

दीदींचं म्हणणं असं होतं: तबकडी वर्षानुवर्षं विकली जाते, ती लोक आवाजासाठी घेतात, संगीतकाराला त्यातून वाटा मिळतो, मग गायकाला का नको? रफीसाहेबांचं म्हणणं: निर्माता पैसे घालतो, चित्रपट पडला तर आपण मानधन परत करतो का? मग चालला तर वाटा कशाला मागायचा? गायलो, पैसे मिळाले, विषय संपला.

दोन्ही बाजूंत लोभ नव्हता, हे विशेष. रफीसाहेब स्वतःचंच नुकसान होईल अशी बाजू घेऊन उभे होते. पण काळाने कौल दिला दीदींना. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला. २०१३ मध्ये गायकांची 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. ज्या मागणीवरून एक जोडी फुटली होती ती कायद्यात यायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. मधल्या काळात किती गायक, किती वादक म्हातारपणी औषधपाण्याला महाग झाले, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

---

संत्रानगरी

वकीलसाहेब, कायदा तुमच्या बाजूनं असेल बाप्पा, पण मन आमचं रफीसाहेबांच्या बाजूनं. नवीन संगीतकाराजवळ पैसे नसले तर नाममात्र पैशात गाणारा माणूस तो. त्याले 'गायलो, विषय संपला' हे बोलायचा अधिकार होता, कारण तो तसाच जगत होता. हिशेब बरोबर असणं वेगळं आणि मन मोठं असणं वेगळं.

---

वकीलसाहेब_ठाणे

@संत्रानगरी, रफीसाहेबांच्या मनाबद्दल दुमत नाहीच. पण ज्याला परवडतं त्याने सोडलेला हक्क ज्याला परवडत नाही त्याचाही बुडतो, एवढंच माझं म्हणणं.

---

केतकीच्या_बनी

या धाग्यावर अजून एक नाव आलं नाही याचं मला खरोखर वाईट वाटतंय. सुमन कल्याणपूर!

तबकडीवाला म्हणतात १९६४ ते ६६ शुकशुकाट. शुकशुकाट कुठे होता? 'राजकुमार'मधलं 'तुमने पुकारा और हम चले आए' कोणी गायलं? 'शगुन'मधलं 'परबतों के पेड़ों पर', 'जब जब फूल खिले'मधलं 'ना ना करते प्यार', 'मोहब्बत इसको कहते हैं'मधलं 'ठहरिए होश में आ लूँ', 'सूरज'मधलं 'इतना है तुमसे प्यार मुझे'. सगळी रफीसाहेब आणि सुमनताई. 'अजहूँ न आए बालमा' तर अशी चीज आहे की शास्त्रीय बैठकीतले लोकही मान डोलावतात.

रेडिओवर ही गाणी लागली की लोक सरळ 'लता' म्हणायचे, आजही म्हणतात. माझ्या घरातच हे वाद झाले आहेत. आवाजात साम्य आहे, मान्य. पण सुमनताईंच्या स्वराला एक ओलसर मऊपणा आहे, शब्दाच्या शेवटी त्या जो किंचित हात सोडतात तो दीदींमध्ये नाही. दीदी शब्द पूर्ण रेखून संपवतात. 'ठहरिए'मध्ये 'चले जाइएगा' कसं येतं ते ऐका, जणू खरंच आत्ता भान आलंय.

त्यांना पद्मभूषण मिळालं २०२३ साली, वयाच्या ऐंशीनंतर. 'त्या भांडणामुळे सुमनला संधी मिळाली' असं लिहिणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, संधी खूप जणींना मिळाली असती, निभावली ती त्यांनी.

---

विलेपारल्याचा_आजोबा

केतकी, जियो! मनातलं बोललात. आणि त्याच काळात आशाताई-रफी जोडीनं 'तीसरी मंज़िल' दणाणून सोडला होता, १९६६. म्हणजे श्रोत्यांचं नुकसान झालं असं म्हणायला जागाच नाही.

---

मधुमालती

जाता जाता, समेट झाला त्याच साली 'शागिर्द'मध्ये दोघांना गाणं काय मिळालं? 'वो हैं ज़रा ख़फ़ा ख़फ़ा'! गीतकार मजरूहसाहेबांनी ठरवून लिहिलं की काय 😄

---

तबकडीवाला

😄 मधुमालती, आणि 'दिल पुकारे'सुद्धा मजरूहसाहेबांचंच!

---

अभ्यासू_मुंगी

२०१२ मध्ये दीदींनी मुलाखतीत सांगितलं होतं की रफीसाहेबांनी पत्र लिहून विषय मिटवला. त्यावर रफीसाहेबांच्या मुलाने जाहीर आक्षेप घेतला होता. त्यामुळे समेट नेमका कुणी कुणाकडे जाऊन केला...

---

धागा_राखणदार

मंडळी, विनंती. पत्राचा विषय दोन्ही घराण्यांना दुखावणारा आहे आणि इथे यापूर्वी त्यावरून बरीच तोंडातोंडी झाली आहे. कोण आधी झुकलं हा हिशेब नको. गाण्यावर बोलू.

---

टेनेसीचा_पाटील

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी नॅशव्हिलजवळ राहतो. इथे २५ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिजस्टोन अरीनामध्ये केनी रॉजर्सच्या निरोपाचा मोठा कार्यक्रम झाला. शेवटी डॉली पार्टन आली आणि दोघांनी 'आयलंड्स इन द स्ट्रीम' गायलं. १९८३ चं हे युगुलगीत, बी जीज बंधूंनी लिहिलेलं. हे आपलं एकत्र शेवटचं गाणं, असं दोघांनीही आधीच जाहीर केलं होतं.

इथे भांडण वगैरे काही नव्हतं, दोघं आयुष्यभराचे मित्र. केनी तेव्हा ७९ वर्षांचा, आवाज विरलेला, उंच जागा त्याने सरळ सोडून दिल्या. मला भिडली ती डॉली. तिचा गळा अजून खणखणीत होता, मनात आणलं असतं तर ती गाणं एकटीने खाऊन टाकू शकली असती. पण ती सतत त्याच्याकडे वळून, त्याचा शब्द कुठे पडतोय ते बघून आपला शब्द टाकत होती. काळी_पाच यांनी लिहिलेलं 'ऐकणं' ते हेच असावं. केनी २० मार्च २०२० ला गेला. इथले लोक त्या गाण्याबद्दल अजून बोलतात.

---

काळी_पाच

पाटीलसाहेब, अगदी तेच.

वय झालेल्या गायकांना साथ करताना पहिला प्रश्न पट्टीचा येतो. वयाबरोबर आवाज खाली उतरतो, बायकांचा जास्त जाणवतो. मग तालमीत कुणीतरी हळूच म्हणतं, 'एक स्वर खाली घेऊ या?' बरेच कलाकार मूळ पट्टीचा आग्रह धरतात, कारण श्रोत्याच्या कानात तबकडी बसलेली असते. युगुलगीतात अडचण दुप्पट होते. बाईंसाठी दोन स्वर उतरवले की पुरुषाचा खर्ज लागतच नाही, मुखडा फुसका होतो. यात कुणी कुणासाठी त्रास सोसायचा हे तालमीत ठरतं, आणि दोघांचं नातं तिथेच कळतं. प्रेक्षकांना ते कधी दिसत नाही. एका गृहस्थांनी सहगायिकेसाठी पट्टी उतरवून घेतली आणि अंतऱ्यात आपल्या खालच्या ओळी जवळजवळ पुटपुटत म्हटल्या. टाळ्या तिला मिळाल्या आणि ते खूश होते.

---

इंदुरी_पोहे

मराठीत या विषयावर बोलताना 'शुक्रतारा मंद वारा'ला वगळून कसं चालेल? पाडगावकर, खळेकाका, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. दाते आमच्या इंदूरचे, वडील रामूभैया म्हणजे गाण्याचे जाणते रसिक. अरुणजी शिकले कापडगिरणीतलं तंत्रज्ञान आणि गायले भावगीत. सुधाजींची मातृभाषा मराठी नाही, हे गाणं ऐकताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. लग्नानंतर त्यांनी चित्रपटांत गाणं जवळपास थांबवलं होतं, तरी मराठी घराघरांत त्या या एका गाण्याने राहिल्या.

दात्यांनी पुढे 'शुक्रतारा' नावाने कार्यक्रमांमागून कार्यक्रम केले, अनेक सहगायिकांबरोबर हे गाणं गायलं. प्रत्येक वेळी लोक मूळ जोडीच कानात घेऊन बसत. युगुलगीताचं हे नशीबच आहे. एकट्याचं गाणं दुसऱ्याने म्हटलं तर आपण तुलना करतो, युगुलगीतात एक आवाज बदलला तरी घरातलं कुणी गावाला गेल्यासारखं वाटतं.

---

मधुमालती

इंदुरी_पोहे, नाव वाचूनच भूक लागली. गाणं लावते आणि पोहे भिजवते.

---

विशीतला_श्रोता

मी वयाने लहान आहे, सांभाळून घ्या. दादा-ताई लोकहो, मला कळत नाही की प्रेमगीत गाताना दोघांचं आपसांत पटायलाच हवं हा आग्रह का? पडद्यावर नट-नट्यांचं पटत नसतं तरी प्रणयप्रसंग रंगतात. रफीसाहेब भजन गायचे ते मुसलमान असून, आणि डोळ्यांत पाणी आणायचे. कलाकाराला उधार भावना आपली करता येते, तेच तर त्याचं मोठेपण. १९६७ च्या त्या गाण्यात 'समेट' आपल्याला ऐकू येतो कारण गोष्ट आधी माहीत असते.

---

संत्रानगरी

लहान म्हणतो अन् मोठं बोलून गेला गडी. भजनावरून आठवलं, रफीसाहेबांनी संगीतकार श्रीकांत ठाकरे यांच्याकडे मराठीत गायलेलं 'शोधिसी मानवा राऊळी मंदिरी' ऐका. अन् पुष्पा पागधरे यांच्यासोबतचं 'अगं पोरी संभाल दर्याला तुफान आयलंय भारी'! पंजाबातला माणूस कोळीगीत गातो अन् दर्यावरचाच वाटतो.

---

काळी_पाच

@विशीतला_श्रोता, तुमचं अर्धं पटलं. भावना उधार आणता येते, रोज आणतात. कान उधार आणता येत नाही. नट कॅमेऱ्यात एकटा असताना समोर कुणी नसलं तरी चालतं. गाण्यात दुसऱ्याचा स्वर प्रत्यक्ष हातात घेऊन पुढे जायचं असतं. म्हणून मी 'प्रेम हवं' म्हणत नाही, 'अढी नको' म्हणतोय.

---

रेडिओवेडी

मूळ प्रश्नावर येते. 'ज्वेल थीफ'ची गाणी पुन्हा क्रमाने ऐकली. दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक, या चित्रपटात रफीसाहेबांना एकच गाणं आहे आणि ते हेच. देव आनंदसाठी बाकी किशोरदा आहेत, 'ये दिल ना होता बेचारा' आणि दीदींबरोबर 'आसमाँ के नीचे'. म्हणजे बर्मनदांना हे युगुलगीतही किशोर-लता असं सहज करता आलं असतं. तरी त्यांनी रफीसाहेबांनाच बोलावलं. बर्मनदांचाही दीदींशी पूर्वी काही वर्षं अबोला होता, तो 'बंदिनी'तल्या 'मोरा गोरा अंग लई ले'ने सुटला. गाण्यासाठी माणसं परत जोडावी लागतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

दुसरं, अंतऱ्यातले शब्द. रफीसाहेब म्हणतात, मनाला आवरण्यात वर्षं गेली, आता हरलो, तूच समजाव. त्यावर दीदींचं उत्तर की सांगायचं तर खूप होतं, पण ओठांपर्यंत येता येता हरवून जातं. विशीतल्या श्रोत्याचं खरं आहे, गोष्ट माहीत असल्यामुळे आपल्याला हे जास्त लागतं. पण षण्मुखानंदमध्ये बसलेल्या लोकांनाही ती गोष्ट माहीत होती, आणि गाणाऱ्या दोघांनाही. ते शब्द एकमेकांच्या शेजारी उभं राहून म्हणायचं दोघांनी मान्य केलं. मला तेवढं पुरतं.

---

विशीतला_श्रोता

ताई, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शब्द आता लक्ष देऊन ऐकतो.

---

विलेपारल्याचा_आजोबा

अजूनही मी 'कुहू कुहू'वर ठाम आहे. पण समेटानंतरचं 'झिलमिल सितारों का आँगन होगा' काल रात्री लावलं आणि सौ. म्हणाल्या, 'पुन्हा लावा.' एवढी नोंद करतो.

---

तबकडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. केतकीताईंचं म्हणणं योग्य आहे, सुमनताईंची गाणी यादीत त्या त्या सालात घातली आहेत आणि यादी एकदम भरलेली दिसते.

आजोबांसाठी एक शेवटचं गाणं पुढे करतो. १९७३, 'अभिमान', पुन्हा बर्मनदा. एकत्र गाणारं नवरा-बायकोचं जोडपं, त्यांच्यात पडलेलं अंतर आणि पुन्हा एकत्र येणं, हीच चित्रपटाची गोष्ट. अमिताभसाठी बर्मनदांनी तीन आवाज वापरले: किशोरदा, 'लूटे कोई मन का नगर'मध्ये मनहर उधास, आणि 'तेरी बिंदिया रे'मध्ये रफीसाहेब. या 'तेरी बिंदिया रे'मध्ये हाका नाहीत, ताना नाहीत, कुणाला कुणाच्या पुढे जायचं नाही. घरातल्या घरात गुणगुणावं तितक्याच आवाजात दोघं गातात. 'कुहू कुहू'मधले लता-रफी एकमेकांना आजमावतात, इथले एकमेकांना ओळखतात. म्हणून मी नंतरच्यांना मुरलेले म्हणतो. आजोबा, ऐका आणि सौ. काय म्हणतात ते कळवा.

---

विलेपारल्याचा_आजोबा

लावलंय. त्यांचं म्हणणं, तबकडीवाला बरोबर आहेत. माझं म्हणणं उद्या लिहितो.